उतारावरचं लायसन्स

४ मार्च

शिकाऊंच्या हजेरीची वही मागच्या बाजूनं लिहायला घेतली आहे. पुढून हजेरी, मागून मी. कारण असं की बोलायला माणूस नाही. म्हणजे माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांच्याशी मी दिवसभर "क्लच दाबा, क्लच, क्लच, अहो तो ब्रेक आहे" एवढंच बोलते. घरी येऊन भोंगाशी बोलावं, तर ती तीन महिन्यांची आहे आणि तिला फक्त स्वतःचं ऐकायला आवडतं.

भोंगा हे तिचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावानं तिला आता लसीच्या कार्डाशिवाय कोणी ओळखत नाही. जन्मली तेव्हा नर्स म्हणाली, "आवाज खणखणीत आहे हो." मी गाडी शिकवते, मला हॉर्नची पारख आहे. हा आवाज छोट्या गाडीचा नव्हे.

बाप युद्धावर गेला आहे. आज तेवीस दिवस झाले. त्याला ट्रक दिला आहे.

ट्रकबद्दल उद्या लिहीन.

५ मार्च

काल टाळलं. आज लिहून मोकळी होते. माझ्या नवऱ्याला रिव्हर्स येत नाही.

येत नाही म्हणजे अजिबात येत नाही. तो माझ्याकडे शिकायला आला तेव्हा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचा. सगळ्या गावाची नजर सुधारणारा हा माणूस आरशात बघितलं की गडबडायचा. "आरशात सगळं उलटं असतं," म्हणायचा, "मग मी कशावर विश्वास ठेवू?" पुढे गाडी लोण्यासारखी न्यायचा. मागे घ्यायला सांगितलं की दरदरून घाम, आणि मग खांब, कुंपण, एकदा तर परीक्षकांची खुर्ची. सुदैवानं परीक्षक चहा प्यायला उठले होते.

पाच वेळा नापास झाला. सहाव्या वेळी मी गाडी परीक्षेच्या मैदानावर पाण्याच्या टाकीशेजारी उभी केली. तिथे उतार आहे. पटकन दिसत नाही, पण बारा वर्षं रोज तिथे गाडी लावणाऱ्या बाईला माहीत असतो. त्याला म्हणाले, "गिअर टाकू नकोस, चाक धरून बस, फक्त चेहरा गंभीर ठेव." गाडी आपली आपण मागे घरंगळत दोन खांबांच्या बरोबर मधे जाऊन थांबली. चेहरा त्यानं फारच गंभीर ठेवला. परीक्षकांनी शिक्का मारला. महिन्याभरात आमचं लग्न झालं.

त्यानंतर चार वर्षं त्यानं एकदाही गाडी मागे घेतलेली नाही. दूध आणायला गेला तरी गावाला वळसा घालून परत यायचा. मला त्याचं हसू यायचं. मग बोलावणं आलं. लायसन्स असणाऱ्यांना ट्रकवर घेत होते. "लायसन्स आहे?" "आहे." संपलं. रिव्हर्सचं कोणी विचारलं नाही, आणि हा पठ्ठ्या आपणहून थोडाच सांगणार!

युद्धातलं मला काही कळत नाही. पण समोरून काही आलं तर मागे जाता यायला हवं, एवढं कळतं. माझ्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. त्याच्या शेजारी दुसरा ब्रेक दाबायला कोणी नाही. आणि त्याला तिथे मी बसवलं आहे, मी. हे कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही वही.

११ मार्च

भोंगाला घेऊन तास घ्यायला सुरुवात केली. मागच्या सीटवर कपड्यांची टोपली, टोपलीला दोन पट्टे, टोपलीत भोंगा. सकाळी गाडी शिकायला येतात ते एक दंतवैद्य आहेत. स्वभावानं हळवे. ती किंचाळली की बिचारे सवयीनं "झालं हं, झालं, आता नाही दुखणार" म्हणतात आणि स्टिअरिंग सोडून देतात.

पण एक शोध लागला. दुसऱ्या गिअरमध्ये भोंगा झोपते. पहिल्यात कुरकुर, तिसऱ्यात आकांत, दुसऱ्यात गाढ. आज दंतवैद्यांनी सव्वा तास दुसऱ्या गिअरमध्ये गाव पालथं घातलं. मागून एका बसनं, एका ट्रॅक्टरनं आणि नंतर एका म्हशीनं आम्हाला ओलांडलं. तिसरा गिअर केव्हा, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, पाया पक्का होऊ द्या.

१९ मार्च

सासूबाई राहायला आल्या. एक ट्रंक, एक छत्री, दोन चष्मे. "तुला मदत करायला आलेय," म्हणाल्या आणि आल्या आल्या माझ्या भांड्यांची जागा बदलली. आता झारा शोधायला मला त्यांना हाक मारावी लागते. तोच हेतू असावा.

आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. अजूनही ट्रंक कॉलसारखं तीन मिनिटांच्या वर कोणाला बोलू देत नाहीत. मी जरा मन मोकळं करायला लागले की घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "वेळ संपली." भोंगालाही म्हणाल्या. भोंगानं भीक घातली नाही.

२६ मार्च

आईंना गाडी शिकायची आहे! वय वर्षं चौसष्ट.

म्हटलं, "आई, आता कशाला?"

"तुझा चारचा तास रिकामा असतो ना? मग. गाडी काय नुसती उभी करून ठेवायची?"

"पाचला या हवं तर. चारला भोंगाचं दूध असतं."

"चारलाच. आणि पोस्टावरूनच जायचं. त्या रस्त्याला खड्डे कमी आहेत."

कमी कुठले! चाळण आहे नुसती. पण सासूशी कोण वाद घालणार? मला वाटतं त्यांना माझ्यावर नजर ठेवायची आहे. पोराला वाऱ्यावर घेऊन हिंडते म्हणून.

पोस्टासमोर तो फलक आहे. रोज चार वाजता त्यावर याद्या लागतात. जखमी, बेपत्ता आणि तिसरी. मी तिकडे बघत नाही. नियमच केला आहे, तिथून जाताना नजर समोर. शिकाऊंना मी हेच सांगते, जिकडे बघाल तिकडे गाडी जाते.

२ एप्रिल

त्याला रिव्हर्सचा पहिला पाठ पत्रानं पाठवला. आकृत्या काढल्या. बाण लाल पेन्सिलीनं. "रिव्हर्स घेताना समोर बघायचं नाही. समोर कितीही बघण्यासारखं असलं तरी नाही. डोळे आरशात. आरसा उलटं दाखवत नाही, तू उलटा विचार करतोस. काडेपेटी घेऊन टेबलावर सराव कर. हळू, हळू, हळू." शेवटी भोंगाच्या पायाचा ठसा उमटवला. शाई म्हणून घेतलं ते बुटाचं पॉलिश निघालं. तिचा पाय अजून काळा आहे.

९ एप्रिल

आईंचा क्लच हा एक स्वतंत्र विषय आहे. सगळ्या गावभर बऱ्या चालवतात, आणि बरोबर पोस्टासमोर आलं की गाडी बंद! रोज. तिथे चढ नाही, वळण नाही, काही नाही. वर चष्मा बदलत बसतात. लांबचा काढून वाचायचा लावतात. म्हटलं, "आई, गाडी चालवताना वाचायचा चष्मा कोण लावतं?" म्हणाल्या, "किल्लीचं भोक दिसत नाही." मग दोन-तीन मिनिटं शोधतात ते भोक. मी नियमाप्रमाणे समोर बघत बसते. मागून लोक हॉर्न वाजवतात, भोंगा त्यांना उत्तर देते.

मग एकदम लांब श्वास सोडतात आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू करतात. मला याचं कोडं उलगडत नाही. बारा वर्षांत असा क्लच पाहिला नाही.

२१ एप्रिल

त्याचं उत्तर आलं! "तुझा पाठ मिळाला. काडेपेटीवर सराव केला, काड्या संपल्या. काळजी करू नकोस, इथले रस्ते एकदम सरळ आहेत. समोर बघायचं आणि जायचं. ट्रकला रिव्हर्स उगाच दिलाय असं माझं मत झालं आहे. जेवण बरं आहे. ठसा कोणाचा? मांजर पाळलंस का?"

रस्ते सरळ! मी पत्र चार वेळा वाचलं. आईंना वाचून दाखवलं. त्यांनी घड्याळ बघितलं नाही. आज कित्येक दिवसांनी घास गोड लागला. सरळ रस्ते म्हटल्यावर काय, हा माणूस जगाच्या टोकापर्यंत जाईल.

१३ मे

दंतवैद्य परीक्षेला उभे राहिले आणि नापास झाले. परीक्षक म्हणाले, "बाई, तुमचे सगळे शिकाऊ दुसऱ्याच गिअरमध्ये का चालवतात? चौथा टाका म्हटलं तर यांच्या डोळ्यांत पाणी आलं." मी टोपलीकडे बोट दाखवलं. दंतवैद्य कुजबुजले, "झोपलीय हो आत्ताच." परीक्षकांनी कपाळावर हात मारून घेतला.

दुपारचे एक निवृत्त न्यायाधीश नवीन आले आहेत. चौकात आले की दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेतात. आज एका चौकात अकरा मिनिटं गेली.

४ जून

मी आज मूर्खपणा केला. सरळच लिहिते.

गेले आठ दिवस डोक्यात घोळत होतं की सगळेच रस्ते सरळ कसे असतील? कुठेतरी एखादा पूल, एखादी गल्ली. मग ठरवलं. भोंगाला कमरेवर घेतलं आणि परीक्षेच्या मैदानावर गेले. परीक्षक सफरचंद सोलत बसले होते.

"साहेब, एक लायसन्स रद्द करायचं आहे."

"कोणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं."

"भांडण झालं का?"

मी सगळं सांगितलं. टाकी, उतार, गंभीर चेहरा. माझा परवाना जाणार हे गृहीत धरूनच बोलत होते. परीक्षक साल काढत राहिले. मग म्हणाले, "बाई, वीस वर्षं मी या मैदानावर बसतो. उतार तुम्हाला दिसतो आणि मला दिसत नाही?"

"मग पास का केलंत?"

"पाच वेळा तुम्ही दोघं निकालाला उभे राहिलात. प्रत्येक वेळी तोंड त्याच्यापेक्षा तुमचंच पडलेलं असायचं. सहाव्यांदा नापास करायचं माझ्या जिवावर आलं. आणि त्या खुर्चीचाही विचार होता."

मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "तरी रद्द करा. म्हणजे त्याला परत पाठवतील."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "परत नाही पाठवणार. ट्रकवरून उतरवतील आणि पायी धाडतील. ट्रकला निदान पत्रा असतो." मग सफरचंदाची एक फोड भोंगाला चाटायला दिली. तिला दात नाहीत, पण तिनं ती सोडली नाही.

घरी येताना मी रडले नाही. डोळ्यांत धूळ गेली होती. दोन्ही डोळ्यांत.

५ जून

दुसरा पाठ पाठवला. पाच पानं.

१९ जुलै

स्वारी अभ्यासू झाली आहे! आजच्या पत्रात चक्क प्रश्न विचारले आहेत. चार वर्षं मी कानीकपाळी ओरडले तेव्हा ढिम्म, आणि आता बघा:

"सहज विचारतो. मागचा रस्ता अरुंद असेल, दोन्ही बाजूंना चर असेल, आणि दिवे लावायचे नसतील, तर आरशात नेमकं काय बघायचं? सहज. दुसरं म्हणजे, घाई असेल तर क्लच किती सोडायचा? तुझ्या आकृतीत घाई दाखवलेली नाही. इथे रस्ते सरळच आहेत, पण वेळ जात नाही म्हणून विचार करत बसतो."

मी खूश होऊन सविस्तर उत्तर लिहिलं. घाईबद्दल मात्र ठणकावलं. "रिव्हर्समध्ये घाई हा प्रकारच नाही. हळू म्हणजे हळू. आणि दिवे का लावायचे नाहीत? बॅटरी जपण्याच्या भानगडीत पडू नकोस, लाव खुशाल." आईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "हे शेवटचं वाक्य खोड." म्हटलं का? म्हणाल्या, "खोड म्हणते ना." गाडीत बसल्या की या शिकाऊ, आणि घरात माझ्या पत्रांच्या परीक्षक. खोडलं.

२ ऑगस्ट

भोंगा रांगायला लागली! मागे!

दोन्ही हात टेकते, मान वर करते, समोरच्या खुळखुळ्याकडे प्रेमानं बघते आणि त्याच्यापासून लांब जाते. जितकं हवं तितकं लांब. मग पलंगाखाली अडकते आणि हॉर्न देते. आज सात वेळा बाहेर ओढली. एकदा कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे इतकी नेटकी लागली होती की मीच पाहत राहिले. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं.

आईंना हा घराण्याचा अपमान वाटतो. "आमच्यात कोणी मागे गेलेलं नाही! तिचे आजोबा नाहीत, बाप नाही, मी नाही."

"तेच तर झालंय ना, आई," मी म्हटलं. "ही माझ्यावर गेली आहे."

त्याला लगेच लिहिलं. "तुझी मुलगी आठव्या महिन्यात पास झाली, तेही उतार न घेता. आता तरी लाज धर."

२९ ऑगस्ट

पत्र. "तिला सांग, बाप हरला. मी दिवसभर हसतोय, बाकीचे विचारतायत काय झालं. अजून एक विचारायचं होतं. शेजारी बसलेला माणूस झोपलेला असेल आणि तुझ्या अंगावर रेलला असेल, तर डावा आरसा दिसत नाही. तेव्हा काय करायचं?"

मी लिहिलं, "शेजारच्याला झोपू द्यायचंच नाही. हलवून जागं करायचं. शेजारी बसणाऱ्याचं ते कामच आहे, मी बारा वर्षं तेवढंच करते आहे. आणि तरी नाहीच उठला तर एका उजव्या आरशावर घ्यायला शिक." आकृतीही काढली.

हल्ली पत्र टाकलं की हलकं वाटतं. शिकतोय तो. उशिरा का होईना, शिकतोय.

१८ सप्टेंबर

दंतवैद्य पास झाले. आनंदानं त्यांनी परीक्षकांचे दात फुकट तपासले. दोन किडलेले निघाले. आता परीक्षक माझ्याशी बोलत नाहीत.

बऱ्याच दिवसांत पत्र नाही.

३० सप्टेंबर

पत्र नाही. पोस्टमन लांबून दिसला की मी काहीतरी शोधायला आत जाते. आज हातात झारा घेऊन दहा मिनिटं उभी होते. भाजी संपूनही तास झाला होता.

आईंची गाडी आज फलकासमोर सात मिनिटं बंद होती.

७ ऑक्टोबर

नाही.

भोंगाला पहिला दात आला. सांगायला कोणी असतं तर मजा आली असती. आईंना सांगितलं, पण त्यांनीच तो मला दाखवला होता.

११ ऑक्टोबर

आईंना ताप आहे. एकशे दोन. तरी पावणेचारला साडी नेसून, दोन्ही चष्मे घेऊन तयार. "माझा तास चुकवायचा नाही." उभं राहवत नव्हतं त्यांना. मी हाताला धरून झोपवलं. खोटं नाही लिहीत, मी रागावलेच. "आई, एक दिवस नाही चालवलीत तर काय आकाश कोसळतंय? आधीच तुमचा क्लच तो तसा!"

त्या उठून बसल्या. म्हणाल्या, "मग तू जा. चारला. त्याच रस्त्यानं जा."

"आणि काय करू?"

"गाडी बंद पाड."

 त्यांनी वाचायचा चष्मा माझ्या हातात दिला. मला चष्मा लागत नाही. तरी घेतला.

भोंगाला टोपलीत घालून गेले. पोस्टासमोर आले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून गाडी बंद पडली. पाडायची गरज पडली नाही, क्लचवरून पाय आपोआप सुटला. मी मान वळवली. आधी तिसरी यादी वाचली. मग बेपत्ता. मग जखमी. मग परत तिसरी, वरून खाली आणि खालून वर. मागून लोक हॉर्न वाजवत होते. भोंगा त्यांना उत्तर देत होती.

नव्हतं. त्याचं नाव कुठेच नव्हतं.

चावी तीन वेळा फिरवावी लागली. घरी आले तर आई दाराकडे तोंड करून पडल्या होत्या. मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी डोळे मिटले.

मी जवळ बसले. सहा महिने ही बाई रोज तिथे एकटी वाचत होती आणि मी शेजारी बसून तिच्या क्लचला नावं ठेवत होते.  म्हटलं, "आई, तुमचा क्लच चांगला आहे."

"वेळ संपली," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. माझा हात मात्र सोडला नाही.

२४ ऑक्टोबर

पत्र! पत्र! पत्र! अक्षर त्याचंच. "टपाल अडकलं होतं. मी मजेत आहे. रस्ते सरळ. जेवण बरं. भोंगाला पुढे जाता येतं का अजून नाही?"

एवढंच. ना प्रश्न, ना काडेपेटी. आळशी मेला. मी पत्र भोंगाला वाचून दाखवलं. तिनं कोपरा खाल्ला.

१६ नोव्हेंबर

काल तो आला होता.

दहा वाजता गल्लीत हॉर्न वाजला. मला वाटलं भोंगा. पण भोंगा माझ्यासमोर बटाटा खात होती. खिडकीतून पाहिलं तर गल्ली भरून ट्रक, आणि त्यातून हा उतरतोय. ट्रक दुरुस्तीला कारखान्यात नेला होता, परत नेताना तीन तासांची परवानगी मिळाली. मी पळत गेले आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर "ट्रक आत कशाला घातलास? पुढे गल्ली खणून ठेवलीय नळासाठी!" तो म्हणाला, "मीही तुझी फार आठवण काढली."

बारीक झाला आहे. कान मोठे दिसतात. आईंनी त्याला दारातच थांबवून वरून खाली, खालून वर पाहिलं, यादी वाचतात तसं. मग म्हणाल्या, "हात धू." आणि आत जाऊन पदरात तोंड खुपसलं.

भोंगा त्याला बघून पाऊण तास रडली. आता ती पुढेही रांगते, पण त्याला बघून तिनं जुना मार्ग धरला आणि थेट पलंगाखाली. हा जमिनीवर पालथा पडून तिच्याशी बोलत राहिला. रस्त्याच्या, ट्रकच्या, काड्यांच्या गोष्टी. शेवटी तिनं हात बाहेर काढून त्याचं नाक धरलं. ते सोडेपर्यंत त्यानं श्वास तोंडानं घेतला.

जेवताना मी विचारलं, "रस्ते खरंच सरळ आहेत ना?"

"एकदम सरळ."

"आणि ट्रकचं ते डावं दार हिरवं कसं? बाकी ट्रक तर मातकट आहे. डावा आरसाही नाही."

"धक्का लागला होता. दुसऱ्या ट्रकचं लावलंय." मग भात मागितला.

"शेजारी बसणारा तुझा तो झोपाळू माणूस? त्याला आणायचंस की जेवायला."

त्यानं ताटाकडे बघत मान हलवली. "आता दुसरा आहे," म्हणाला. आईंनी त्याला वाढलं आणि मला डोळ्यांनी गप्प केलं.

एक वाजता निघायची वेळ झाली. गल्ली दीडशे पावलं, मधे शिंप्याच्या दुकानापाशी वाकडी, दोन्ही बाजूंना सायकली, कुंड्या, भाजीची हातगाडी. पुढे खणलेलं. म्हणजे मागेच जायला हवं. सगळी गल्ली बघायला बाहेर आली.  मी त्याच्या कानात म्हटलं, "सर बाजूला, मी काढून देते. कोणाला कळायचं नाही."

"नको," तो म्हणाला. "जमेल."

त्यानं भोंगाच्या डोक्यावर ओठ टेकले, आईंच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि चढला. मी मोठ्यानं म्हणाले, "हळू! हळू घे!"

त्यानं हळू घेतला नाही. गिअर पडला आणि ट्रक मागे सुटला. असा सुटला की शिंपी दुकानात उडी मारून शिरला. एकाच आरशावर. वाकड्या जागी त्यानं ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. चाक पाव वळण आधी फिरवलं, सोडून दिलं, परत धरलं. एक कुंडी हलली नाही. त्याचं तोंड आमच्याकडेच होतं सगळा वेळ, काचेतून स्वच्छ दिसत होतं, लहान लहान होत गेलं. पण त्यानं एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. डोळे आरशात. समोर कितीही बघण्यासारखं असलं तरी नाही, असं मीच शिकवलं होतं.

गल्लीच्या तोंडावर आल्यावर ट्रक एका झटक्यात वळला आणि गेला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत. बारा वर्षं मी हेच शिकवते आहे. हात असा फिरायला किती वेळा फिरवावा लागतो ते मला माहीत आहे. काडेपेटीवर हे येत नाही, सरळ रस्त्यांवर तर नाहीच. आणि तो वेग तर मी कोणालाच शिकवलेला नाही.

आईंनी भोंगाला माझ्या हातातून घेतलं. "अगं, केवढ्या सफाईनं गेला! चांगला शिकला की."

"हो," मी म्हटलं. "फार चांगला शिकलाय, आई."

 मग त्यांनी दुसऱ्या हातानं माझा हात धरला, आणि लोक घरात गेले तरी आम्ही तिघी तिथेच उभ्या होतो.